ताटातली नरोटी

जून महिन्यात स्टॉकहोमला रात्री दहा वाजता लख्ख उजेड असतो. त्या उजेडात, भाचीच्या जेवणाच्या टेबलाशी, दोन स्वीडिश माणसं गाण्यांच्या एका तबकडीवरून जवळजवळ हातघाईवर आली होती आणि मी पुण्याहून नेलेल्या बाकरवडीची बशी दोघांच्या मधोमध सरकवत होते. 2024 सालची गोष्ट.

तबकडी होती ‘वॉटर्लू’ची. 6 एप्रिल 1974 रोजी इंग्लंडमधल्या ब्रायटनला युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकून ॲबा हा चौघांचा गट जगाला ठाऊक झाला. त्याला 50 वर्षं झाली म्हणून त्या नावाचा अल्बम नव्या रूपात बाजारात आला होता. एक भांडणारे खालच्या मजल्यावरचे आजोबा, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे 1974ची, पोलर कंपनीची पहिली तबकडी. दुसरा भाचीच्या ऑफिसातला तिशीचा मुलगा. त्याच्याकडे पन्नाशीची नवी आवृत्ती: एका अल्बमच्या दोन तबकड्या, मिनिटाला 45 फेऱ्यांच्या, ‘हाफ-स्पीड’ पद्धतीनं कोरलेल्या. त्यानं ती फोडलीसुद्धा नव्हती. वरचं प्लास्टिक तसंच.

आजोबा म्हणत होते, न वाजवलेली तबकडी ही तबकडी नव्हे, ताटली आहे. मुलगा म्हणत होता, तुमची तबकडी इतकी वाजली आहे की तिच्यात गाणं कमी आणि तुमच्या घरातली धूळ जास्त आहे. भाची मधे मधे मला भाषांतर करून सांगत होती आणि शेवटी वैतागून म्हणाली, “मावशी, मी तर हे सगळं फोनवर ऐकते. दोघांनाही सांगू का?”

“नको,” म्हटलं. “रंगात आलंय.”

मला खरंच रंगत येत होती, कारण हे भांडण माझ्या ओळखीचं होतं. सदाशिव पेठेत मी तीस-बत्तीस वर्षं मुद्रितशोधन केलं. प्रुफं तपासणारी बाई गाण्याच्या भांडणात काय करणार, असं वाटेल. पण आमच्या धंद्यात एक जुना वाद आहे: आवृत्ती म्हणजे काय आणि पुनर्मुद्रण म्हणजे काय. मजकुराला हात लागला, काही बदललं, वाढलं, दुरुस्त झालं, तर ती नवी आवृत्ती. जसंच्या तसं पुन्हा छापलं तर ते पुनर्मुद्रण. सांगायला सोपं. प्रत्यक्षात मराठीत पाचशे प्रती संपल्या की पुढच्या पाचशेंवर बिनदिक्कत ‘दुसरी आवृत्ती’ छापतात. एका पुस्तकाच्या पहिल्या छपाईत राहिलेल्या चौदा चुका मी खुणा करून दिल्या होत्या. ‘दुसरी आवृत्ती’ हातात आली तेव्हा नवं होतं फक्त मुखपृष्ठ. चौदाच्या चौदा चुका जागच्या जागी. चुकांचंही पुनर्मुद्रण झालं होतं.

तर, टेबलावरची ती सीलबंद वस्तू आवृत्ती होती की पुनर्मुद्रण?

मुलाचं म्हणणं, आवृत्ती. त्याचं कारण तांत्रिक आहे आणि त्यानं ते फार मन लावून समजावलं. तबकडीसाठी मूळ खाच ज्या लेथवर कोरतात, तो लेथ आणि मूळ ध्वनी वाजवणारं यंत्र, दोन्ही निम्म्या वेगानं चालवायचे. म्हणजे कोरणाऱ्या सुईला प्रत्येक वळणासाठी दुप्पट वेळ मिळतो. झांजेची किणकिण, ‘स’ आणि ‘श’चे श्वास, असे जे वरच्या पट्टीतले बारीक कंप असतात ते घाईत चेपले जात नाहीत. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत माइल्स शोवेल नावाच्या इंजिनिअरनं हेच काम केलं आहे आणि ॲबाचे अल्बम त्याच्या हातून गेले आहेत. ‘अरायव्हल’ 2016मध्ये, त्याच्या चाळिशीला, असाच दोन तबकड्यांवर आला होता.

दोन तबकड्या कशासाठी, तर वेगासाठी. आपण ज्याला एलपी म्हणतो ती मिनिटाला 33⅓ फेरे घेते. फेरे तेवढेच, पण बाहेरच्या कडेला वर्तुळ मोठं आणि लेबलाजवळ लहान. त्यामुळे कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते आणि आत येईतो ती वीस-एकवीसवर येते. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीनं बसवायचं. प्रुफाच्या भाषेत सांगायचं तर पानाच्या शेवटी ओळ मावत नाही म्हणून अक्षरं आवळून बसवावीत तसं. म्हणून एलपीच्या प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं जरा कोंदट, जरा फुसफुसतं वाजतं. 45 फेऱ्यांवर नेलं की जागा ऐसपैस मिळते, पण तबकड्या दोन होतात आणि दर दोन-तीन गाण्यांनी उठावं लागतं.

“दर दोन-तीन गाण्यांनी!” आजोबा म्हणाले. “माझे गुडघे बघा आणि मग बोला.”

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटला.

आजोबांचं म्हणणं, नवी वस्तू ही फार तर पुनर्मुद्रण आहे, आणि तेही मालकानं दुसऱ्या गावी जाऊन केलेलं. पहिली तबकडी ज्या टेपवरून कोरली ती टेप तेव्हा ताजी होती. कोरणाऱ्याला गाणं काय आहे ते पहिल्यांदाच कळत होतं. शिवाय त्यांच्या स्वीडिश प्रतीत ‘वॉटर्लू’ हे गाणं स्वीडिश आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत आहे. देशातल्या निवड स्पर्धेत ते स्वीडिशमध्येच गायलं गेलं, ब्रायटनला इंग्रजीत, आणि पुढे जर्मन व फ्रेंचमध्येही ध्वनिमुद्रित झालं. “जगाला वाटतं इंग्रजी मूळ. आम्हाला माहीत आहे मूळ कोणतं.”

मला इथे हसू आलं आणि का हसते ते सांगावंच लागलं. आमच्या सांगलीच्या घरात ॲबाचं ‘मम्मा मिया’ पहिल्यांदा वाजलं तेव्हा माझी आत्या म्हणाली होती, “हे तर आपलंच गाणं. या गोऱ्यांनी चोरलंय.” कारण ‘हम किसीसे कम नहीं’ 1977चा, त्यात राहुलदेव बर्मननं ही चाल उचलली होती आणि आत्यानं तो सिनेमा दोनदा पाहिला होता. मूळ गाणं त्याच्या दोन वर्षं आधीचं. पण आत्याला ते कोण पटवणार? तिनं जे आधी ऐकलं ते तिचं मूळ. भाचीनं हे भाषांतर करून सांगितल्यावर आजोबा इतके हसले की भांडण तेवढ्यापुरतं थांबलं, आणि मुलानं फोनवर ते हिंदी गाणं शोधून लावलं.

माझं स्वतःचं मूळ काय, हे सांगायला 1985ची सांगली हवी.

गावभागात एका दुकानात कॅसेट ‘भरून’ मिळत. तुम्ही कोरी कॅसेट न्यायची, यादी द्यायची किंवा दुकानातली एलपी निवडायची. चार दिवसांनी कॅसेट भरून तयार. मी नववीत होते. मैत्रिणीच्या डॉक्टर वडिलांकडे ‘अरायव्हल’ची एलपी पाहिली होती. मुखपृष्ठावर काचेच्या फुग्यासारखं हेलिकॉप्टर आणि आत पांढऱ्या कपड्यांतली चौघं. (ते बेल कंपनीचं हेलिकॉप्टर, आणि फोटो स्टॉकहोमजवळच्या बारकार्बी विमानतळावरचा, हे मला पुढे कळलं.) वर नाव लिहिलेलं, त्यातला पहिला ‘बी’ उलटा. मी प्रुफवाली झाले त्याचं बीज तिथेच असावं, कारण मला ती छपाईची चूक वाटली होती.

अण्णांकडे नव्वद मिनिटांच्या कॅसेटचे पैसे मागितले.

“कुणाची गाणी?”

“ॲबाची.”

“कुठले आबा?”

हे दोन-तीनदा झाल्यावर पैसे मिळाले. दुकानदारानं एका बाजूला ‘अरायव्हल’ भरलं, दुसऱ्या बाजूला ‘सुपर ट्रूपर’. दुसरं साधारण बेचाळीस मिनिटांचं, पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूत व्यवस्थित बसलं. पहिलं मात्र तेहतीस मिनिटांचं. बारा मिनिटं पट्टी कोरी राहिली. अण्णांना हे सहन होण्यासारखं नव्हतं. नव्वद मिनिटांचे पैसे मोजलेत ना? मग पट्टी फुकट कशाला घालवायची? रविवारी सकाळी त्यांनी टू-इन-वनवर आकाशवाणी लावली, कॅसेट ‘अरायव्हल’च्या शेवटाशी आणून ठेवली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. नाट्यसंगीत चालू होतं. एक पद अर्ध्या अंतऱ्यापासून, मग निवेदिकेचं “रसिकहो” आणि दुसऱ्या पदाचा बराचसा भाग, तो बरोबर तानेच्या मधोमध तुटलेला, कारण तिथे पट्टी संपली.

त्याखेरीज दुकानातली एलपी चरा पडलेली होती. ‘नोइंग मी, नोइंग यू’ हे पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं. त्यात सुई एक उडी मारायची आणि अर्धी ओळ गिळायची. मी ते गाणं आठ-नऊ वर्षं ती अर्धी ओळ गिळूनच म्हणत होते. पुढे नव्वदच्या दशकात सीडी ऐकली तेव्हा तिथे अचानक शब्द आले. मला काय वाटलं असेल? राग आला. कुणीतरी मधे घुसवलंय असं वाटलं.

पोथ्यांवर काम करणाऱ्यांकडे यासाठी शब्द आहेत. पाठभेद आणि प्रक्षिप्त. एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत ओळ वेगळी पडली की पाठभेद, आणि मुळात नसलेलं कुणी मागाहून घातलं की प्रक्षिप्त. भांडारकर संस्थेनं 1919 साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी व्हायला 1966 उजाडलं. देशभरातल्या पोथ्या शेजारी शेजारी ठेवून कोणती ओळ कुठे आहे आणि कुठे नाही हे ती माणसं बघत बसली. ॲबाचे चाहते याहून वेगळं काही करत नाहीत. ‘अरायव्हल’ची मूळ स्वीडिश तबकडी दहा गाण्यांची. ऑस्ट्रेलियात मात्र त्यावर ‘फर्नांडो’ही आहे, कारण तिकडे ते गाणं 1976मध्ये चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि ते वगळून अल्बम विकण्याचा वेडेपणा कुणी केला नसता. तेव्हा मेलबर्नच्या पन्नाशीतल्या बाईला विचारा, ‘अरायव्हल’मध्ये गाणी किती? तिच्या दृष्टीनं स्वीडनची प्रत त्रुटित.

आणि मग सीड्या आल्या, त्या तर प्रतींचं जंगल. ऐंशीच्या दशकातल्या पहिल्या सीड्या, मग 1997चं रिमास्टर, म्हणजे जुन्या टेपवरून आवाज नव्यानं बसवलेली प्रत, मग 2001चं, 2005च्या मोठ्या पेटीतलं. टेबलाशी त्या रात्री उशिरा आलेला तिसरा माणूस, भाचीचा घरमालक, या पंथाचा निघाला. तो तबकडीवाल्या दोघांनाही मोजत नव्हता. त्याच्या मते खरी प्रत म्हणजे ऐंशीच्या दशकातली सीडी, कारण तेव्हा कुणी आवाज ‘सुधारला’ नव्हता. पुढच्या काळात सगळं गाणं वर उचलून मोठं करण्याची चढाओढ लागली. हळू भाग आणि मोठा भाग यांतलं अंतर चेपत गेलं. टेपची बारीक सरसर काढायची म्हणून गाळणी लावली, तर सरसरीबरोबर हवाही गेली. त्यानं हे सांगताना हातानं डोंगर सपाट करून दाखवला.

इथे मला त्याची बाजू घ्यावीशी वाटली. आमच्याकडे शुद्धलेखनाच्या नावाखाली जुन्या लेखकांचे अनुस्वार पुसून टाकतात तेव्हा मला असंच होतं. नियमानं बरोबर असतं. पण त्या अनुस्वारात त्या माणसाचं नाक होतं.

सीडीवाल्याकडे एक हुकमाचं पान होतं आणि ते त्यानं शेवटी टाकलं. ‘द व्हिजिटर्स’. 30 नोव्हेंबर 1981ला आलेला अल्बम. त्याचं काम चालू असतानाच पोलर स्टुडिओत नवं बत्तीस ट्रॅकचं डिजिटल, म्हणजे आवाज आकड्यांत साठवणारं, यंत्र आलं आणि पुढची गाणी त्यावर मुद्रित झाली. 17 ऑगस्ट 1982 रोजी जर्मनीत हानोव्हरजवळच्या लांगेनहागेनच्या कारखान्यात जगातल्या पहिल्या विक्रीच्या सीड्या छापून बाहेर पडल्या, त्यांतला पॉप अल्बम हाच होता. म्हणजे ज्या अल्बमपासून सीडी सुरू झाली, ज्यातली बरीच गाणी आकड्यांत जन्मली, त्याचीसुद्धा ‘खास’ तबकडी काढायची, कोरणारा लेथ निम्म्या वेगानं फिरवायचा आणि म्हणायचं की आता मूळ आवाज मिळाला!

मुलगा जरा गप्प झाला. मग म्हणाला, “पण कव्हर मोठं असतं.”

हे उत्तर मला आवडलं. त्यात लबाडी नव्हती. दुसऱ्याच दिवशी भाचीला घेऊन मी यूरगार्डन बेटावर स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात गेले. तिथे युलियस क्रोनबेर्ग या चित्रकाराची चित्रशाळा आहे आणि ‘द व्हिजिटर्स’चं मुखपृष्ठ तिथेच टिपलेलं. मागे पंख असलेल्या कामदेवाचं प्रचंड चित्र, तांबूस अंधार, आणि चौघं चार दिशांना. ब्यॉर्न आणि आग्नेथा यांचा संसार आधीच मोडलेला, बेनी आणि फ्रिदाचा त्याच वर्षी. बारा इंचांच्या कव्हरवर दिसतं की त्या खोलीत कुणी कुणाकडे बघत नाही. सीडीच्या कव्हरवर ते दिसत नाही, आणि फोनवर तर ती एक तपकिरी टिकली आहे. कामदेव आहे एवढंही कळत नाही. घरी आल्यावर हे मी मुलाला कळवायला सांगितलं. भाची म्हणाली, “मावशी, तू पक्ष बदललास.” मी कुठल्या पक्षात होते?

बेटावरच ॲबाचं संग्रहालय आहे, 2013मध्ये उघडलेलं. भेटबीट दिली. पोशाख फार चकचकीत, गर्दी फार. पण पोलर स्टुडिओचं मिक्सिंग टेबल मांडलेला एक भाग आहे, तिथे मी बराच वेळ थांबले. हा सगळा आवाज ज्यानं बांधला तो मायकल ट्रेटोव, गटातल्या चौघांइतकाच महत्त्वाचा आणि तरी मुखपृष्ठावर कधी न आलेला. वादकांनी एकदा वाजवलं की तो त्यांना तेच पुन्हा वाजवायला लावायचा, आणि दुसऱ्या वेळी टेपचा वेग किंचित बदलायचा. त्या केसाएवढ्या फरकानं दोन्ही थर एकमेकांत पूर्ण मिसळत नसत आणि आवाज दाट, भिंतीसारखा होई. 1973च्या ‘रिंग रिंग’पासून ही युक्ती. म्हणजे ॲबाचा आवाज मुळातच एका प्रतीचा नाही. दोन प्रती थोड्या चुकवून एकावर एक ठेवल्या की जे होतं, तो. छपाईत रंगाचे ठसे एकमेकांवर नीट बसले नाहीत तर आम्ही पान टाकून देतो. ट्रेटोवनं तेच मुद्दाम केलं आणि जग नाचलं.

मूळ टेपवरचं गाणं स्टुडिओतल्या त्या मोजक्या माणसांनी ऐकलं. बाकी आपण सगळे प्रतीवाले. आजोबांची पहिली तबकडीसुद्धा प्रतच, फक्त जुनी.

चाहत्यांचा सगळ्यात मोठा सल मात्र वेगळाच आहे आणि त्यावर त्या रात्री तिघांचं एकमत झालं: दर वर्धापनदिनाला तीच दहा गाणी नव्या प्लास्टिकवर का देता? कपाटात आहे ते द्या. न वापरलेली गाणी, कच्चे मसुदे, अर्धवट चाली. 1994च्या चार सीडींच्या संचात त्यातलं थोडं आलं होतं, पण कसं? तेवीस मिनिटांची एक सलग गोधडी, एक तुकडा सुरू होऊन कानाला लागतोय तोवर दुसरा. 1982मध्ये मुद्रित केलेलं ‘जस्ट लाइक दॅट’ गटाच्या आवाजात आजतागायत पूर्ण प्रसिद्ध झालेलं नाही. गाणी रचणाऱ्या बेनी आणि ब्यॉर्न यांना कपाट उघडायला आवडत नाही. आजोबा म्हणाले, “आम्ही मरायच्या आधी तरी.”

मी यात बेनी-ब्यॉर्नच्या बाजूची आहे, निदान बरीचशी. लेखकाच्या मरणानंतर घरच्यांनी खर्डे आणून द्यायचे आणि प्रकाशकानं ते ‘अप्रकाशित साहित्य’ म्हणून काढायचे, अशी तीन पुस्तकं माझ्या हातून गेली. लेखकानं फुली मारलेलं वाक्य मी मोठ्या निष्ठेनं तपासत होते. त्याला ते नको होतं हे फुलीवरून दिसत होतं. नाथांनी शके 1506मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवलं की या ग्रंथात जो कोणी आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. नारळाची रिकामी करवंटी! सीडीवर अल्बम संपल्यावर जी ‘बोनस’ गाणी येतात ती ऐकताना मला हटकून ही नरोटी आठवते. अल्बम कुठे संपतो हे ठरवणं हेही रचनेचंच काम आहे. ‘द व्हिजिटर्स’ घड्याळाच्या टिकटिकीवर, फ्रिदाच्या एकट्या आवाजावर संपतो. त्यानंतर दोन सेकंदांत ढोल वाजू लागला तर ताटात काय पडलं ते सांगायला नको.

बरीचशी म्हटलं, कारण एक अपवाद माझ्यापाशी आहे. 2012मध्ये त्याच अल्बमच्या डीलक्स आवृत्तीत बेनीनं त्या शेवटच्या गाण्याचे कच्चे मसुदे जोडून एक तुकडा दिला. अठरा वर्षांत कपाटातून बाहेर आलेली ती पहिली गोष्ट. चाल सापडतेय, हरवतेय, ठेका लागतोय, सुटतोय, आणि शेवटच्या रूपात उरलेलं जवळजवळ काहीच नाही. गाणं मोठं होत होत नाही तर झिजत झिजत झालंय, हे त्यात ऐकू येतं. प्रुफवालीला याहून काय हवं? पण तो तुकडा लेखकानं स्वतः निवडून, जुळवून दिला होता. मग ती आवृत्ती.

मी निघायच्या आदल्या दिवशी तिघं पुन्हा आले. ठरवून. आजोबांनी 1976ची ‘अरायव्हल’ आणली, मुलानं 2016ची दोन तबकड्यांची. ही त्यानं फोडलेली होती. घरमालकानं सीडी आणली होती, तिला कुणी हात लावू दिला नाही. भाचीकडे यंत्र एकच, त्यामुळे आधी एक, मग दुसरी.

जुनी लागली. खरखर होती, पण पावसाआधीच्या वाऱ्यासारखी, त्रास न देणारी. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आलं आणि आत आत जाताना आवाज खरंच किंचित सोलवटला. ‘स’ जरा सांडला. पण माझी अर्धी ओळ जिथे गिळली जायची तिथे ती आजोबांच्या प्रतीत शाबूत होती, अर्थातच, आणि मी इतक्या वर्षांच्या सवयीनं तिथे थांबले आणि सगळे पुढे गेले.

मग नवी. काय सांगू, स्वच्छ होती. एकेक वाद्य आपापल्या पाटावर बसलेलं. मागचे दोन बायकी आवाज एकत्र असूनही दोन आहेत हे मला पहिल्यांदा कळलं. आजोबा काही बोलले नाहीत. दर दोन-तीन गाण्यांनी मुलगा उठून बाजू बदलत होता, आजोबांना उठावं लागू नये म्हणून. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण तिसऱ्या बाजूला त्यांनी त्याच्या बशीत स्वतःहून बाकरवडी वाढली.

चौथी बाजू. शेवटचा तुकडा ‘अरायव्हल’, शब्द नसलेला, डोंगरातून मेंढरं उतरावीत तसा संथ. तो विरत विरत संपला. सुई शेवटच्या मोकळ्या खाचेत फिरत राहिली, टक्, टक्. कुणी उठलं नाही. सगळे शेवट झाल्यासारखे बसले होते आणि मी मात्र पुढे जरा वाकून वाट बघत होते. भाचीनं विचारलं, “मावशी, काय गं?”

“रसिकहो,” मी म्हणाले, आणि अर्ध्या अंतऱ्यापासून पद उचललं.